सत्काराच्या यादीत नसलेली

सोलापूर, रविवार संध्याकाळ

आज चर्चच्या वर्धापनदिनी सेवा करणाऱ्यांना स्टेजवर बोलावून शाली दिल्या. वीस वर्षं चर्च झाडणाऱ्या मला सेक्रेटरी म्हणाले, "रत्नाबाई, खुर्च्या उचला की आता." मला त्या शालीची हाव होती का? होती. इथं खोटं कशाला लिहू? खुर्च्या आपटतच उचलल्या.

तिथून रोजच्यासारखी शेजारच्या म्हाताऱ्या सारामावशीकडे गेले. ती अंथरुणाला खिळलेली, हल्ली कुणालाच ओळखत नाही. मनात सेक्रेटरीला शिव्या देतच तिचं अंग पुसलं. तिनं माझा ओला हात धरला. "प्रभू, तू आलास व्हय?"

"न्हाय मावशी, मी रत्ना हाय," म्हणता म्हणता रडूच फुटलं.

सेक्रेटरीला मी माफ केलेलं नाही. तरीही प्रभू आज माझ्याच हातांनी तिच्यापर्यंत गेला.