सतरा नंबरचं झाड

१९ मार्च, गुरुवार

पाच तारखेला लिहिलं होतं, 'बागेतली सगळी झाडं नीट ओळखली, यादी साहेबांना दिली.' ते चूक आहे. सतरा नंबरचं झाड गुलमोहर नाही. आज शेंड्याला जांभळ्या कळ्या दिसल्या. नीलमोहर!

पानं दोघांची सारखीच, बारीक. म्हणून मी शेंगांवर विसंबले – बुंध्याशी हातभर लांब, काळपट शेंगांचा ढीग होता. त्या गुलमोहराच्याच. पण मान वर करून पाहिलंच नाही.

बाबा या बागेत एकतीस वर्षं माळी आहेत. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "अगं, तो ढीग माझा. वाटेवरचं सगळं झाडून तिथंच लोटतो मी."

"मग मी लिहीत होते तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुझ्या हातात पुस्तक होतं. म्हटलं, शिकलेली पोर, हिला काहीतरी दिसत असेल."

आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली.

२० मार्च, शुक्रवार

मागे एका गुलमोहराची फांदी बाकावर कोसळल्यापासून वाटेकडेचे सगळे गुलमोहर तोडायचं ठरलंय. माझ्याच यादीवरून. बुंध्यांवर चुन्याचे पट्टे ओढलेत – सतरावरही. मंगळवारी करवतवाले येणार.

साहेबांना सांगायला गेले. ते म्हणाले, "यादी चोख केलीस हं. महिनाअखेर कायम करून टाकू तुला." मी "थँक्यू सर" म्हणाले आणि बाहेर आले.

२१ मार्च, शनिवार

सतराला चार फुलं आली. नळीसारखी, फिकट जांभळी. एक खाली पडलं होतं, बाबांनी त्याला वगळून झाडलं. फार थकले आहे.

२२ मार्च, रविवार

दुपारी आई भांडी पुसता पुसता म्हणाली, "तुझे बाबा सकाळपासून एक खोटं पाठ करतायत. जमत नाहीये त्यांना."

उद्या त्यांची सुट्टी. मंगळवारी करवतवाल्यांच्या आधी ते साहेबांना सांगणार – पोरीनं बरोबर लिहिलं होतं, सतरा नंबरची पाटी मीच भलत्या झाडाला ठोकली. दोन महिन्यांनी निवृत्त होतोय, मला कोण काय बोलणार?

दुरुस्त यादी लिहून काढली. खाली सही माझी.

उद्याच साहेबांना द्यायची – सोमवार, २३ मार्च, साडेदहा वाजता. कचेरी उघडते तेव्हा.