बळवंतरावांचे तीन टक

३ जून
मृणालने (सूनबाई, दोन महिन्यांपासून कारखान्यात क्वालिटी बघते) नवा तक्ता लावला. दर अर्ध्या तासाला लेथवर उतरलेली एक पिन मोजायची, शेवटच्या पाच मापांची सरासरी काढून ठिपका मांडायचा. नवं माप आलं की सगळ्यात जुनं सोडायचं. पिना घेणाऱ्या कोयलीकडच्या पार्टीला हा कागद आता प्रत्येक लॉटबरोबर हवाय. म्हटलं, "मशीन बिघडलं तर मला दारातून ऐकू येतं." म्हणाली, "पप्पा, पार्टीला तुमचे कान कसे पाठवू?" हसलो. मुद्दा बरोबर.

९ जून
मजा आहे. एकेक माप हद्दीत. सरासरीची रेघ मात्र रोज जरा खाली. मृ. म्हणते, एकटं माप उड्या मारतं, पाचांच्या सरासरीत चाल दिसते. लेथजवळ कान देऊन उभा राहिलो. बेअरिंग गप्प, टूल स्वच्छ कापतंय. मग उतरतंय काय?

११ जून
रेघ खालच्या हद्दीबाहेर. लॉट थांबवला. मृ.ने त्याच पिना स्वतः मोजल्या, सगळ्या मापात! म्हणजे पिना ठीक, मोजणं घसरतंय. मोजणारे एकच, बळवंतराव. पहिल्या भाड्याच्या शेडपासून माझ्याबरोबर. मायक्रोमीटर धरायला मला त्यांनीच शिकवलं: मागची रॅचेट (टकटक करणारी छोटी मूठ) हलके फिरवायची, तीन टक ऐकू आले की थांबायचं.
मृ.: "त्यांना पॅकिंगला घेऊ या का? दुखवायचं नाहीये मला, पण लॉट अडकलाय."
दोन दिवस मागून घेतले.

१२ जून
फाईल चाळायच्या निमित्तानं त्यांच्या मागे बसलो. एक टक, दोन, तीन... सहा. मग रॅचेट सोडून पुढची नळीच धरून आवळली. पिन बारीक दिसणारच!
मागून हाक मारली, "बळवंतराव, चहा?" काही नाही. पुन्हा मारली. पलीकडच्या मशीनवरचा रमणभाई वळला, "शेठ, मने कह्युं?" म्हणजे मला म्हणालात का. बळवंतराव मोजतच होते.
त्यांनीच मला ऐकायला शिकवलं, आणि...

१३ जून
मृ.ला सांगितलं. तिनं तक्त्यावर लिहिलं, 'मोजण्याची पद्धत तपासत आहोत.' नाव घातलं नाही. पोर शहाणी आहे. विचारते, "पण कधीपासून?" तक्ता दहा दिवसांचा, त्याआधीची रेघ कुणी काढलीच नाही. मी रोज बोलतो त्यांच्याशी. ते मान हलवून 'हो हो' म्हणतात. एवढे कान माझे, मला कसं कळलं नाही?

१४ जून
सुटायच्या वेळी गाठलं. काय बोलायचं ते सकाळपासून घोकत होतो. त्यांनीच आधी विचारलं, "शेठ, हल्ली आवाज बसलाय का तुमचा? नीट कळतच नाही."
म्हटलं, "बसलाय खरा. सोमवारी डॉक्टरला दाखवतो. तुम्हीही चला." अगदी तोंडासमोर, मोठ्यानं.
 त्यांचा हात कानाकडे गेला, मध्येच कपाळ खाजवलं.
"येतो. पण स्कूटर तुम्ही चालवा. मला मागचे हॉर्न हल्ली..."
रोज सुटताना मायक्रोमीटर पुसून मृ.च्या टेबलावर ठेवतात. आज पुसला, कानाशी धरून रॅचेट एकदा फिरवली आणि खिशात घालून घरी घेऊन गेले.