आला नाही म्हणजे बरा झाला

बाबा, आज वारासिवनीहून शुगरवाली एक बाई आली होती, मोबाइलवर कुठला तरी शोधनिबंध घेऊन. "चिरायत्यानं शुगर उतरते म्हने, शोध लागला हाये. आता गोळ्या सोडून देऊ का?" मी चष्मा लावला. मला या कागदांचा भरवसाच नाही. किती जणांना दिलं, किती दिवस दिलं, ज्यांना दिलं नाही त्यांचं काय झालं, हे आधी शोधते. निघाले उंदीर. शिवाय त्यांचा चिरायता हिमालयाच्या पहाडातला. तुमच्या-माझ्या खलबत्त्यात जन्मभर चिरायता म्हणून कुटला तो भुईनिंब. आपल्याकडे कडू तेवढं सगळं चिरायताच. "गोळी सोडायची नाही," म्हटलं. बाई फणकारली, "तुमचे बाबा तं कोनाले नाही म्हनत नव्हते."

खरंच, नव्हतात म्हणत. अजून डोळ्यांपुढे आहे: कटंगीच्या बाजारात तुम्ही पोत्यावर मुळ्या मांडून बसला आहात, मी पुड्या बांधते आहे. काविळीची पुडी नेलेला खैरलांजीचा माणूस दोन बाजार झाले, फिरकलेला नाही. मी विचारते, त्याचं काय झालं? तुम्ही म्हणता, "आला नाही म्हंजे बरा झाला." मी म्हणते, "काहून? मेलाही असंल." तुम्ही भर गिऱ्हाइकांत तडकलात, "बापाची परीक्षा घेऊन राह्यली का? जाय, पाहून ये."

गेले बसनं. त्याची बायको दारात तांदूळ निवडत होती. पुडी संपायच्या आधीच तो गेला, म्हणाली. तुमच्या औषधाच्या भरवशावर दवाखान्यात न्यायला उशीर झाला. वर मलाच चहा पाजला. "तुह्या बाबाले नको सांगू, त्यायले वाईट वाटन."

आता जो परत येत नाही त्याला मी स्वतः फोन लावते. लोक म्हणतात, बाई मोठी संशयी. आहेच मी.

हे पत्र टाकायचं नाहीच, म्हणून लिहिते. त्या संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "भेटला?" मी म्हटलं, "हौ. चांगला हाये, वावरात गेलता." त्यानंतर मरेपर्यंत तुम्ही काविळीच्या प्रत्येक माणसाला सांगत राहिलात, "माह्या पोरीनं सोताच्या डोळ्यानं पाह्यलं." आणि मी शेजारी बसून पुड्या बांधत राहिले.