मरळीच्या रश्शाखालचा जाळ

आई, तू जाऊन सव्वीस वर्षं झाली, आणि आज मला तुला एवढंच विचारायचंय की मरळीच्या रश्शाखाली जाळ नक्की किती ठेवायचा. यांच्या पोटाचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. टाके सुकले, पण घास उतरत नाही. डॉक्टर म्हणाले, माशाचं पातळ सूप द्या. सोमवारपर्यंत खाणं वाढलं नाही तर परत दाखल करून नाकातून नळी घालू. हे त्या नळीला फार भितात. उठता-बसता माझा हात धरून म्हणतात, "परत तितं न्हिऊ नगंस मला." मी "न्हाय न्हेत" म्हणते आणि वाटी परत पुढं करते.

मी दहा-अकरा वर्षांची होते तेव्हाचं आठवतं. वहिनी ओली बाळंतीण, दादानं नदीवरून मरळ आणलेली. तू चुलीवर पातेलं ठेवून म्हशीकडं गेलीस, आणि मी शहाणी, रटरटल्याशिवाय तर्री कशी येणार म्हणून दोन लाकडं आत सारते आहे. आपल्याकडं रस्सा म्हटलं की डोक्यात मटणच. तू आलीस तोवर माशाचा चोथा झाला होता. "आगं ये भवाने, मटान हाय व्हय त्ये? वड ती लाकडं भायेर! मासा मऊ जिवाचा, जाळ बघून आकसतोय की. बारीक बुडबुडं आलं की बास." मग तो गढूळ रस्सा तू मलाच प्यायला लावलास. मी रडत रडत प्याले.

एवढं शिकूनही मी चुकलेच. दवाखान्यातल्या सिस्टरनं 'कच्चं राहता कामा नये' म्हणून बजावलं आणि मी धास्तीनं गॅस मोठा ठेवून अर्धा-अर्धा तास उकळत बसले. मासा दोरीसारखा चिवट, रश्शाला उग्र वास. दोन चमचे घेऊन हे वाटी सरकवायचे. शेवटी आहार सांगणाऱ्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "काकू, जोरात फार वेळ उकळलं की चव जाते, थोडी जीवनसत्त्वंही जातात. मंद आचेवर ठेवा, मासा आतपर्यंत पांढरा होऊन काट्यापासून सुटला की शिजला." तुझंच बोलणं, फक्त तिनं ते शिव्या न देता सांगितलं.

आज तसंच केलं. गॅस अगदी बारीक, आलं-लसूण, चिमूटभर हळद, आणि मी पातेल्यापाशी उभी. काटा अलगद सुटला. चव घेतली तर हुबेहूब तुझ्या हातची, आणि मला इतकी आशा वाटली की वाटी काठोकाठ भरून नेली. "झ्याक झालंय," हे म्हणाले. चार चमचे घेतले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

इतके दिवस मी जाळाला दोष देत होते, आई. आज रश्शात काही चूक नव्हती, म्हणून आज जास्त भीती वाटते आहे. पुण्याहून लेक रोज व्हिडिओ कॉल करते, वाटी दाखव म्हणते आणि डॉक्टरांना कळवते. आजही तिला रिकामी वाटी दाखवली. ती खूश झाली. गेले सहा दिवस ती वाटी मीच रिकामी करते आहे.