मनिषा जोंधळे यांच्या नावावर चिकटवलेला कागद

प्रति,
मा. क्रीडा अधिकारी,
तेरणाकाठ इनडोअर क्रीडा सभागृह,
लातूर.

विषय : विजेत्यांच्या फलकावरील कु. मनिषा रामकिशन जोंधळे या नावावरचा कागद काढून मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या वरिष्ठ लिपिकांनी जिन्यात दिलेले तोंडी उत्तर.

महोदय,

मी भौतिकशास्त्राचा पदवीधर असून मनिषा जोंधळे या माझ्या आत्या आहेत. आपल्याच सभागृहात खेळायला शिकून त्यांनी २००३ साली नांदेडच्या विभागीय टेबल टेनिस स्पर्धेत मुलींचे विजेतेपद मिळवले आणि त्यांचे नाव फलकावर पिवळ्या रंगात लागले. पुढे त्या परिचारिका म्हणून माल्टा देशात गेल्या, तिथल्या नागरिक झाल्या आणि गेल्या वर्षी तिथल्या राष्ट्रीय विजेत्याही. आता त्या माल्टाकडून खेळतात. त्या देशाची लोकसंख्या आपल्या जिल्ह्याच्या पाव भागाएवढीही नाही, तेव्हा तिथे विजेती होणे सोपे असावे, अशी शंका मला होती. सध्या त्या सुट्टीवर आल्या आहेत. माझ्याशी एकच सामना खेळून त्यांनी ती शंका दूर केली.

१. त्यांच्या स्वागतासाठी माझे वडील दयानंद यांनी सभागृहाच्या फाटकावर 'माल्टाची सुकन्या' असे फ्लेक्स लावले. दुसऱ्याच दिवशी फलकावरील नावावर कागद चिकटला. विचारणा केली असता लिपिक म्हणाले, "अहो, त्या आता आपल्या कुठंयत? तुमचंच फ्लेक्स बोलायलंय की! परदेशी खेळाडूचं नाव जिल्ह्याच्या फलकावर कसं ठेवावं?"

२. नम्रपणे निदर्शनास आणतो की २००३ साली आत्या भारतीय होत्या. तरीही कार्यालय त्यांना मागील तारखेपासून परदेशी ठरवणार असेल, तर नांदेडचा तो अंतिम सामना आपोआप आंतरराष्ट्रीय ठरतो. त्यात उपविजेत्या ठरलेल्या शिवकन्या मॅडम आज आपल्याच सभागृहात मानधनावर प्रशिक्षक आहेत. हा मुद्दा मी त्यांच्या कानावर घातला. "मग मला आंतरराष्ट्रीय खेळाडूचं सर्टिफिकेट द्या म्हणावं," असे त्या म्हणाल्या. "खेळाडूंच्या पाच टक्के कोट्यात नोकरीला लागते तरी कुठं." त्यांचा अर्ज स्वतंत्रपणे येत आहे. त्या सामन्याच्या पंचांचाही मी शोध घेत आहे.

३. लेक सासरी गेली, तिचे आडनाव बदलले, म्हणून शाळेच्या जुन्या पटावरचे तिचे नाव आपल्याकडे कोणी खोडत नाही.

४. खरी अडचण माझ्या आजीची, म्हणजे आत्यांच्या आई धुरपताबाई यांची आहे. त्यांना वाचता येत नाही. वरून तिसरी पिवळी ओळ आपल्या लेकीची, एवढे त्यांना ठाऊक आहे. देगलूरहून डोळे दाखवायला आल्या की त्या ती ओळ बघूनच परत जातात. गेल्या आठवड्यात तिथे कागद दिसल्यावर त्यांनी पहारेकऱ्याला विचारले, "काय केलं माज्या लेकीनं? चोरी केली का?" तेव्हापासून त्या आत्यांशी धड बोलत नाहीत. लेक काहीतरी लपवते आहे, असा त्यांचा समज आहे. आत्या म्हणाल्या, "आई, मी दुसऱ्या देशाकडून खेळायले, म्हणून लावलाय गं." त्यावर आजी म्हणाल्या, "खेळायल्यावर कुनी कागद लावतंय व्हय? खरं सांग!"

आत्यांचे परतीचे विमान शुक्रवारचे आहे. आईच्या मनात असा संशय ठेवून त्यांना जायचे नाही. मला त्या म्हणाल्या, "नाव पुसा म्हणावं हवं तर. पण मी गेल्यावर."

ही सूचना मी कार्यालयाला कळवत आहे, तिला माझी संमती नाही. तरी गुरुवारी सकाळी दोघी सभागृहात येण्यापूर्वी कागद काढावा, ही विनंती. आदेशास विलंब होणार असल्यास कागद आपण स्वतःच काढू, असे आजींनी घरात जाहीर केले आहे. त्यांचे वय व फलकाची उंची पाहता, त्या परिस्थितीत कार्यालयाने निदान एक भक्कम स्टूल द्यावे आणि ते धरायला एक माणूस.

गुरुवारपूर्वी उत्तराच्या अपेक्षेत,

आपला नम्र,
अश्वजित दयानंद जोंधळे
लातूर, दि. २१ जुलै २०२५

सोबत : १) २००३ च्या प्रमाणपत्राची झेरॉक्स.
२) फ्लेक्सचा फोटो. (फ्लेक्स उतरवले आहे. मजकूर बरोबरच होता, असे वडिलांचे म्हणणे आहे.)