आईच्या नावानं भंडारदऱ्याला

अण्णा,

पिठलं झाकून ठेवलंय, भाकरी टोपलीत आहेत. बीपीची गोळी जेवल्यावरच घ्या.

मी भंडारदऱ्याला मॅरेथॉनला निघाले. काल तुम्ही विचारलंत, "धावून तुझी आई परत येनार हाय का?" नाही येणार. पण "भाताची आवणी उरकू दे, मग दवाखान्यात जाऊ" म्हणत तिनं छातीतली गाठ अंगावर काढली. या मॅरेथॉनमधून जमलेल्या देणगीतून गावोगाव बायकांची तपासणी होईल.

आणि अण्णा, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका, ती माझंही ऐकत नव्हती.

मी पूर्ण अंतर धावणार, काळजी नको. आलात तर शेवटच्या रेषेपाशी थांबू नका, तिथं टाळ्या वाजवायला पुष्कळ लोक असतात. अलीकडच्या चढावर उभे राहा. तिथं मला घरचं माणूस लागेल.

मोनिका