उबेची बेरीज

१४ फेब्रुवारी
पोचले एकदाची! सोचा नदीच्या खोऱ्यात, मिलोय्कामावशींच्या माडीवरची खोली, खिडकीखाली ओढा. आल्याआल्या त्यांनी उकडलेले बटाटे आणि ताजं चीज पुढ्यात ठेवलं. म्हणाल्या, खा पोरी, त्या ल्युब्लियाना शहराने तुला वाळवून पाठवलंय. काम माझ्या आवडीचं. दोन वर्षांच्या पुरांत या ओढ्यातली ट्राउट माशांची सगळी पिल्लं वाहून गेली. यंदा गोट्यांखाली अंड्यांचं एकच घरटं आहे. ते वाचलं तर ओढ्यात ट्राउट राहील, नाहीतर संपलं.

१६ फेब्रुवारी
कामाची रीत सोपी आहे. रोज सकाळी पाण्याच्या तापमानाचे अंश बघायचे आणि कालच्या बेरजेत मिळवायचे. बेरीज चारशेच्या पुढे गेली की अंडी फुटतात. सातशेच्या आसपास पिल्लांच्या पोटाला लटकलेली बलकाची शिदोरी संपते, मग ती उपाशीपोटी वर येतात. आज ५९१. गारठा टिकला तर पिल्लं मार्चअखेर येतील, चांगली धट्टीकट्टी. आपल्याला काही घोर नाही.

१९ फेब्रुवारी
घरट्याला लागून गोट्यांचा माणूसभर लांब ढीग आहे. मावशी रोज त्यावर घमेल्याने बर्फ थापतात. त्या भाराने ढीग कोसळला तर घरटं गुदमरेल, म्हणून आज मी सगळा बर्फ फावड्याने उपसला. मावशी बघून पांढऱ्याफटक पडल्या. अगं बये, काय करून बसलीस, म्हणाल्या.

नोव्हेंबरच्या पुरात दरड आली आणि त्यांचे यजमान आल्बिन या ढिगाखालीच गाडले गेले. तीनदा खणलं, हाती काही लागलं नाही. मासे अंडी घालत होते तोच आठवडा. म्हणून मावशींच्या लेखी बेरीज दोघांचीही एकच: सातशे भरले की पिल्लांसारखे तेही वर येणार, आणि ती भरू नये म्हणून बर्फ. मी आगाऊपणे विचारलं, एवढ्या मोठ्या जिवाचं सातशेत कसं भागेल? त्या हसल्या नाहीत. मला माझीच लाज वाटली.

२२ फेब्रुवारी
दक्षिणेचा वारा सुटलाय. काल हात गोठत होते, आज स्वेटर नकोसा झालाय. हवेला यंदा ताळतंत्रच नाही. पाणी एका दिवसात तिनावरून आठावर. बेरीज ६१७. मावशी ओंजळभर बर्फासाठी डोंगर चढून आल्या, रिकाम्या हाताने. म्हणाल्या, भांडून, न जेवता गेला गं माझा आल्बिन. मी त्यांना धीर दिला. मग ढिगावर सहज हात ठेवला. गोटे पाण्याहून गरम होते.

२५ फेब्रुवारी
६४३. ढिगात थर्मामीटर खुपसला. अठरा अंश. बिघडला असेल म्हणून दुसरा आणला. अठरा. म्हणजे त्या ढिगाची बेरीज माझ्या वहीच्या कितीतरी पुढे — मावशींना सांगितलेलं नाही. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू.

२७ फेब्रुवारी
ढीग वीतभर वर आलाय. त्यावर मी रोवलेली खुणेची काठी आडवी. आणि पिल्लं बाहेर! ६६१ लाच. शिदोरी पोटाला तशीच, धड पोहताही येत नाही. काठाला चिकटून थरथरतायत. बादलीत घेतली ती तासाभरात मेली. ही वर आलेली नाहीत. पळालीत. शेजारच्या त्या —

२८ फेब्रुवारी, सकाळ
पाऊस. उंच शिखरांवरचा सगळा बर्फ वितळून येतोय, रेडिओवर पुराचा इशारा. मावशी म्हणाल्या, चल, दोघी ढिगावर बसू, संध्याकाळी गारठा परततोय, तेवढं तगायचं. बसलो. खालून ढकलत नाही. ठोठावतंय. दारावर ठोठावावं तसं, हळू, मग जरा थांबून —

दुपार
मावशी वर ठेवायला दगड आणायला गेल्या. तास झाला. हाका मारल्या. ओ नाही.

पाणी कमरेला. पेन्सिल चालते अजून.

पिल्लं माझ्या पाठीमागे जमलीत. सगळी. ओढ्यात आडोसा म्हणून माझं अंगच तेवढं उरलंय. उठले तर वाहून जातील, एकूण एक. उठले नाही तर —

नाही उठायचं. गारठा येईपर्यंत. नाही उठायचं.

ठोठावणं थांबलं. देवा, थांबलं.

खाली कुणीतरी माझ्या बुटाची नाडी सोडवतंय. सावकाश. गाठ सुटली. आता दुसऱ्या पाया